आईचा नकार

वेर्बिवका, ९ ऑक्टोबर २०२३

ती. मेलान्याताईस,
सा. न. वि. वि.

रणगाडे गावातून जाऊन दीड वर्ष झालं, घरावर नवं छप्पर आलं, तरी तोफांच्या भीतीने उतरलेली आई अजून बटाट्याच्या तळघरातच राहते. खोकला वाढलाय. हा हिवाळा त्या ओलीत काढला तर जगणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी विनवलं, तर म्हणाली, वर खिडक्या फार आहेत, तूच राहा तिथे. पाद्रीबाबा समजवायला उतरले, त्यांच्याकडून तिने बटाटे निवडून घेतले!

काही सुचलं तर कळव. देवाला रोज सांगतोय. तो बहुधा तुझ्याच पत्रासाठी थांबलाय.

लोभ असू दे, ओरडा कमी.
तुझा तिमीश

पोल्तावा, १६ ऑक्टोबर

चि. तिमीशला अनेक आशीर्वाद.

आपल्या कै. बाबांचे दोस्त, मधमाशीवाले युखीमकाका विधुर आहेत ना? त्यांना रीतसर आईला मागणी घालायला पाठव. नको असेल तर रीतीप्रमाणे तिला फाटकाशी येऊन स्वतःच्या हाताने त्यांना भोपळा द्यावा लागेल. नाही दिला तर गाव होकार धरतं. काकांना मात्र खरं सांग, नाहीतर बिचारे आशेवर राहतील.

लग्न लागलंच तर दोष तुझा, माया माझी.
ताई

वेर्बिवका, ३० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काकांना सगळं सांगितलं होतं, तरी मागच्या आठवड्यात रविवारच्या प्रार्थनेनंतर सदऱ्याला इस्त्री करून, दोन मध्यस्थ घेऊन हजर! मी तळघराच्या तोंडाशी वाकून निरोप दिला. खालून आवाज आला, त्या मधाच्या बुधल्याला म्हणावं, चालता हो. मी म्हटलं, तोंडी नकार चालत नाही, आई; अर्धं गाव फाटकाशी जमलंय.

मग आई वर आली, ताई! उजेडाने डोळे किलकिले करत कोठारात गेली आणि सगळ्यात मोठा भोपळा पोटाशी धरून, मला शिव्या घालत निघाली.

ती फाटकाशी पोचते तोच रस्त्यावरच्या ट्रॅक्टरने धडाड आवाज केला. आई भोपळ्यासकट पालथी. मला हसू येणार, तर मीच चिखलात. काका, मध्यस्थ, शेजारणी, सगळे आडवे. पाद्रीबाबांची दाढी कोबीत.

आईने मान वर केली, एकेकाकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हीसुद्धा? मग ती उठली, काकांना हात देऊन उभं केलं आणि त्याच हातात भोपळा ठेवला.

आता ती वर, स्वयंपाकघरात निजते. टेबलाखाली, बूट घालून. शेजारी मी. आणखी एकाला जागा आहे, ताई. नाताळला ये.

आम्हा दोघांवर माया ठेव.
तिमीश