चंद्राचं पान

सावेडी, अहमदनगर
ता. ९ मे १९९६

ती. आसारामदाजी यांस,

योहानचा ख्रिस्तात सप्रेम सलाम. इकडे आम्ही सगळे देवदयेने बरे आहोत, तुमच्याकडची खुशाली कळवावी. आमच्या मुक्ताअक्काचे गुडघे कसे आहेत? तुम्ही उन्हात छत्री न घेता मिरजगावच्या बाजारात जाता असं कळलं. जाऊ नये. हेडमास्तर रिटायर झाला की ऊनही त्याला मान देत नाही. पत्रातला मजकूर माझा आहे, अक्षर मरियाचं आहे. तीस वर्षं नागापूरला लेथवर काढल्याने माझी बोटं आखडलीत, दुसरं कारण नाही. (मरिया, हे नीट लिही.)

पत्रास कारण की, नाताळात करंजी खाता खाता तुम्ही सगळ्या पंगतीसमोर म्हणाला होता, की लेथवर उभा राहणारा माणूस नातवंडांना विज्ञान काय शिकवणार, दोघांचं वर्ष वाया जाणार. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तोंडात करंजी होती. आता बोलतो. वर्ष वाया गेलेलं नाही. रूथ आणि जॉय दोघांनाही जूनपासून दुसरीत प्रवेश मिळाला आहे.

आता सविस्तर. सूनबाईंची बदली नोव्हेंबरात इथल्या दवाखान्यात झाली, पण जुळ्यांचे दाखले जुन्या शाळेत अडकले. इथल्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, एप्रिलअखेर तोंडी परीक्षा घेऊ, जमलं तर दुसरीत, नाही तर पुन्हा पहिलीत. तोवर मुलं घरी. गणित आणि लेखन सूनबाई ड्यूटीवरून आल्यावर घ्यायच्या. विज्ञान मी मागून घेतलं. रद्दीवाल्याकडून मुलांची चार पुस्तकं आणली: बीज, झाड, शरीर आणि चंद्र. सकाळी दहाच्या ठोक्याला वर्ग, साडेअकराला सुट्टी, मध्ये चहाला पंधरा मिनिटं. कारखान्याची शिस्त आहे, दाजी, झेडपीची नाही.

पण मला वाचून दाखवण्याची एकच रीत येते. देवळात वीस वर्षं बायबलमधला शास्त्रपाठ वाचतोय, त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी आपोआप उभा राहतो. 'झाडाचं पुस्तक, अध्याय चौथा, वचन एकपासून' असं म्हणतो, घसा साफ करतो आणि मग वाचतो. शेवटी 'वाचलेल्या वचनावर देव आशीर्वाद देवो' हेही निघून जातं, आणि समोरून दोघं 'आमेन' म्हणतात. मरियाला हे पटलं नाही. जठराच्या धड्याला आमेन म्हणणं तिला पाप वाटतं. मी म्हणालो, जठर काय सैतानाने केलंय का? त्यावर तिने आठ दिवस मला शिळी भाकरी वाढली. (मरिया, पाच दिवस लिही हवं तर.)

नुसतं ऐकून मुलांचं भागेना. पुस्तकात होतं की बीजाला ओल हवी, ऊब हवी, उजेड नसला तरी चालतं. जॉयने घरभर फिरून अशी जागा शोधली आणि ती माझ्या रविवारच्या बुटात सापडली. ओला कापूस, त्यात मूठभर मूग. रविवारी मी घाईत पाय घातला, गार लागलं, पण देवळाची घंटा झाली होती. त्या दिवशी मी मोड आलेल्या मुगावर उभा राहून स्तोत्र वाचलं. (लोक म्हणाले, आज योहानमामांच्या वाचनात काही वेगळंच होतं.) पुढच्या आठवड्यात शरीराचं पुस्तक झालं आणि रूथला ज्याच्या त्याच्या छातीला कान लावायचा नाद लागला. उपदेश संपता संपता ती पाळकसाहेबांपाशी गेली, कान त्यांच्या छातीपर्यंत पोचेना म्हणून पोटाला लावला, आणि सगळ्या मंडळीला सांगितलं की साहेबांचं जठर रिकामं आहे, लवकर आशीर्वाद द्या. साहेबांनी दिला. इतका आटोपशीर आशीर्वाद मी आजवर ऐकलेला नाही.

मार्चपासून मी मुलांनाच आळीपाळीने मोठ्यांदा वाचायला लावतो आणि स्वतः नुसता अध्याय पुकारतो. ही नवी पद्धत आहे, माझीच.

आता परीक्षा. आम्ही ऑफिसात बसलो. बाईंनी मला फॉर्म भरायला दिला, पण मी चष्मा घरी विसरलो होतो, म्हणून शिपाई भिमाजी याने भरला. बाईंनी विचारलं, झाड काय खातं? जॉय उठून उभा राहिला, घसा साफ केला आणि 'झाडाचं पुस्तक, अध्याय चौथा' पासून सुरू झाला. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, ऊन म्हणजे चूल, सगळं धडाधड. शेवटी देवाचा आशीर्वाद मागितला. रूथ आमेन म्हणाली. दारातला भिमाजीही म्हणाला, आणि मग ओशाळून म्हणाला, "बाई, पोरगं लई मनापासनं बोललं, तोंडातनं निगालं."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे पाठ झालं, समजलं का? तेव्हा रूथने बाईंच्या कपाटामागची कुंडी दाखवली आणि सांगितलं, या झाडाची चूल विझलीय, म्हणून ते पिवळं पडलंय, याला खिडकीत ठेवा. बाईंनी भिमाजीकडून कुंडी तिथल्या तिथे हलवून घेतली. दाजी, मी रिटायर झालो तेव्हा हार घातला होता कंपनीने, पण त्या दिवशी छाती जेवढी फुगली तेवढी तेव्हा नव्हती फुगली.

शेवटचा प्रश्न चंद्राचा होता. चंद्र लहान-मोठा का दिसतो? जॉयने रूथकडे पाहिलं. रूथ शांतपणे म्हणाली, "आम्हाला माहीत नाही. आमच्या पुस्तकातलं ते पान फाटलेलं आहे." दोन मार्क गेले. वीसपैकी अठरा, दोघांनाही. मला त्याचं काही वाटलं नाही. नसलेलं पान नाही म्हणून सांगायला अक्कल लागते आणि ती मी शिकवली, असं मी सर्वांना सांगतो.

अक्काला सलाम, मुलांना पापे.

तुमचा मेहुणा,
योहान

ता. क. खरं काम राहिलंच. तुमच्या जुन्या शाळेच्या कपाटात चंद्राचं ते पुस्तक असेल, तर फाटलेलं पान, एकोणीस नंबरचं, जरा मोठ्या अक्षरात उतरवून पाठवा. मुलांचं अडायला नको.

ता. क. दुसरा. (हे माझं, मरियाचं. ते चहा प्यायला उठलेत. त्यांना हे वाचून दाखवणार नाही.) दाजी, पान उतरवू नका, तुम्हीच या. पान फाटलेलं नाही. काळ्या चित्रावर बारीक अक्षरं आहेत, त्यांना ती दिसली नाहीत, म्हणून फाटलंय म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. बुटातले मूगही त्यांना दिसले नव्हते. तुम्ही हेडमास्तर आहात, रागावलात तर ऐकतील.

आणि रूथने ते पान केव्हाच वाचलंय. काल मला मोरीपाशी सगळा चंद्र समजावून सांगितला, अमावास्येपासून पुनवेपर्यंत. मी विचारलं, मग बाईंना का नाही सांगितलंस? म्हणाली, "आजोबा तिथंच बसले होते ना."