एका लाथेचा गुण

जानेफळ, तालुका मेहकर
ता. १० जानेवारी १९३४

प्रिय मित्र भगवंतराव यांसी किसनचा सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून आपल्या पत्राला उत्तर लिहिले नाही, क्षमा असावी. रोजनिशी मात्र रोज लिहीत होतो, म्हणजे सवड नव्हती हे कारणही मला देता येत नाही. आपली प्रकृती, वहिनींचा खोकला आणि नांदुऱ्याचा दवाखाना कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व क्षेम, असे पुढे लिहायचे असते. पण तसे नाही.

सौ. अन्नपूर्णेचा डावा पाय महिनाभर दुखत होता. वैद्यकाच्या पुस्तकात गृध्रसी, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, दोन प्रकारची दिली आहे. नुसत्या वाताची असली तर टोचते, चमकते आणि माणूस एका अंगाला वाकतो. वाताबरोबर कफ असला तर पाय जड होतो, सुस्ती येते, अन्न नकोसे वाटते. सौ. एका अंगाला वाकलेली, म्हणून मी पहिली ठरवली. त्याच दुपारी तिने जेवण टाकले, म्हणून दुसरी ठरवली. (मागाहून कळले की पिठले खारट होते, आणि ते आईने केलेले असल्याने कोणी बोलले नव्हते.) कळ मात्र कुल्ल्यातून पोटरीवरून करंगळीपर्यंत जाई आणि खोकल्याने वाढे, तेव्हा शीर दबली असावी. परवापासून कळ थांबली. घरात सगळ्यांना बरे वाटले. मला मात्र आपण मागे लिहिलेले आठवले, की दुखणे जाऊन बधिरपणा आला तर ते बरे होणे नव्हे. काल अंगणातून येताना तिच्या पायातली वहाण मागेच राहिली आणि तिला ते कळले नाही. तिला पंजा वर उचलता येत नाही.

आईने मळ्यातल्या सोजराबाईला बोलावले. ही बाई पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. तिने कमरेत लाथ घातली की उसण जाते, असे सारा गाव मानतो. दबलेल्या शिरेवर लाथ बसली तर पाय कायमचा जाईल, हे मी आईला समजावू लागलो. शीर दबली आहे का ते कसे ओळखावे, हे दाखवण्यासाठी सतरंजीवर उताणा पडून, गुडघा न वाकवता पाय उचलला. अर्ध्यावर माझ्याच कमरेत चमक भरली. मला उठता येईना. "याच्यापासूनच सुरू कर," आई म्हणाली. "मालकाले लात मारू त मले पाप लागन ना वो," असे म्हणत सोजराबाई आधी माझ्या पाया पडली, मग मला पालथे करून तिने लाथ मारली, मग पुन्हा पाया पडली.

भगवंतराव, मी उठून चालू लागलो. (आपोआपही झाले असेल, पण लाथेने झाले नाही, असे शपथेवर सांगवत नाही.) आता आईपुढे माझे काही चालत नाही. "तुले गुण आला, त तिले काऊन नाही येनार?" माझी साधी लचक, कमरेखाली उतरलीच नाही, हिची गुडघ्याखाली गेली आहे, असे मी म्हणालो. "कंबर त सारखीच असते ना," आई म्हणाली. रविवारी सौ.ला लाथ ठरली. ती बिचारी कोणाला नाही म्हणत नाही. "लई लागली का वो तुमाले?" एवढेच तिने मला विचारले.

आपला स्नेही,
किसन

ता. क. सौ.ला घेऊन शनिवारी आपल्याकडे येत आहे. आई सोडीना, तेव्हा सांगितले की नांदुऱ्याचे भगवंतरावही पायाळूच आहेत. आपल्या जन्माच्या वेळी मी हजर नव्हतो, म्हणून हे निखालस खोटे आहे असे म्हणता येत नाही. तरी मनाला लागून राहिले आहे. "डाक्टरची लात सोजरीहून भारी हाय का?" आईने विचारले. मी हो म्हणालो. कृपा करून नाकारू नये.

पुन्हा ता. क. लाथ डोळ्यांनी पाहायला आई बरोबर येत आहे. आपण आधी पाय नीट तपासावा, काय ते मला बाजूला घेऊन खरे सांगावे, आणि मग आईसमोर सौ.च्या कमरेला पायाचा अंगठा नुसता टेकवावा. सौ. आधी आपल्या पाया पडेल, तेव्हा संकोच करू नये.

(रोजनिशीच्या सवयीने) उद्याचे काम: मोटारीत तीन जागा सांगून ठेवणे.