हाइट पास आणि अळणी डबा

सोमवार, १९ जानेवारी
उंचीवर काम करायचा पास नाकारला. बीपी १६०/१०२. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, १५८/१००. कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर आडवी रेघ मारली. म्हणाले, "उंचीवर चढायचं नाही. एप्रिलमध्ये परत ये, बघू."
तळोज्याच्या प्लांटमध्ये इतकी वर्षं स्कॅफोल्ड, म्हणजे परांची, बांधतो आहे. पाईप, क्लॅम्प, फळी, बेल्टचा हुक. वर असताना कधी चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. उद्यापासून खाली. गंजलेले क्लॅम्प घासायचे आणि तेलात बुडवायचे.
इरफान माझा जोडीदार, फळीवर आम्ही दोघं. वरून ओरडला, "काय रे, जमीन कशी वाटते?" मी हसलो नाही.
घरी सांगितलेलं नाही.

मंगळवार, २० जाने.
सांगितलं. आई ओट्यावर बसून विकायची सुकट निवडत होती. हात थांबला नाही. "गोली नको हां घेऊ. तुज्या बाबानं गोली घेतली नि बसला तो बसला."
खरं तर बाबांना अर्धांगाचा झटका आधी आला, गोळी नंतर. मी दहावीत होतो, मला नीट आठवतं. पण आईच्या मनात क्रम उलटा बसला आहे, तो कोणी बदलू शकत नाही.
बाबा खाटेवर होते. ऐकत होते. उजवा हात मांडीवर तसाच.

बुधवार, २१ जाने.
सुपरवायझर म्हात्रे म्हणाले, "एप्रिलमध्ये शटडाऊन. प्लांट बंद, काम सगलं वरचं. पास असंल तं तू, नाय तं दुसरा. वाईट नको मानूस." थोडं पुढे जाऊन परत आले. "नि गोली सुरू नको करू. मेडिकलच्या फॉर्मवर इचारतात. गोली चालू बोललास का पास गेला." 
हे खरं की नुसतं बोलणं, कोणाला विचारायचं? सगळे असंच म्हणतात.
संध्याकाळी खांदा कॉलनीतल्या डॉक्टरबाईंकडे. लघवी, रक्त, ईसीजी सांगितलं.

शनिवार, २४ जाने.
रिपोर्ट ठीक. मी बाईंना स्पष्ट विचारलं, गोळीशिवाय उतरेल का? म्हणाल्या, "उतरू शकतं. मीठ कमी, चालणं, वजन, झोप, दारू बंद. पण मार्चअखेरपर्यंतच थांबते. तोवर नाही उतरलं किंवा वाढलं, तर गोळी. मग वाद घालायचा नाही."
मी दारू फक्त हळदीला घेतो. म्हणाल्या, "तुमच्याकडे हळदी किती असतात ते मला माहीत आहे."
मशीन घेतलं. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही.

सोमवार, २ फेब्रु.
मीठ: बंद. चालणं: झालं. झोप: तुटक.
पहाटे वडाळे तळ्याला फेरी. माझ्या वयाचा मी एकटाच. बाकी सगळे रिटायर. गोल उभे राहून मोठ्याने हसतात, व्यायाम म्हणून. एक आजोबा म्हणाले, "या, हसा आमच्यात." हसायला गेलो. जमलं नाही. त्यांनी समजूत काढली, "होतं, पहिल्यांदा असंच होतं."
१५६/१००.

शुक्रवार, ६ फेब्रु.
१५८/१००. मग १६२/१०२. मग १६०/१०४. मग बंद केलं.
मशीनचा पट्टा आवळायला लागला की छातीत धडधड सुरू. मग आकडा वाढणारच. मग आकडा पाहून पुन्हा धडधड. डॉ.बाई फोनवर रागावल्या. "दिवसातून दोनदाच मोजायला सांगितलं ना? मशीन कपाटात टाका आणि चावी आईकडे द्या."
कपाटाला कुलूप नाही. दिलं आईकडे. तिने मासळीच्या टोपलीत ठेवलं, वर फडकं. आता पट्ट्याला सुकटीचा वास येतो.

गुरुवार, १२ फेब्रु.
आज कळलं.
रोज डब्यात खारा बांगडा. सकाळी बांगडा, रात्री बांगडा. मला वाटलं, आईच्या दुकानात उरतो म्हणून. पाणी मात्र फार प्यावंसं वाटायचं. आज बाईंना सहज सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "मी मिठाला हात नाय लावला. बांगडा आधीच खारा, मीठ घालावं नाय लागत. म्हनून तं तुला रोज तोच देते!"
मला रागावताही येईना. तीन आठवडे ती दुसऱ्या कुठल्या भाजीलासुद्धा हात लावत नव्हती, कारण भाजीत मीठ घालावं लागतं.
बाबांना हसू आलं. त्यांचं हसू अर्ध्या तोंडाचं असतं. किती दिवसांनी पाहिलं.

शुक्रवार, १३ फेब्रु.
खारं बंद. पापड, लोणचं, वेफर बंद. आई दुखावली आहे. "मी बाजारात सुकं इकते नि माजाच पोर सुकं खात नाय. गिऱ्हाईक काय बोलंल?"
ताजी मासळी, लिंबू, आलं, लसूण, कोकम. मीठ नावापुरतं. आईने पहिला घास खाल्ला आणि ताट बाबांकडे सरकवलं.

सोमवार, २३ फेब्रु.
मामेभावाची हळद. गेलो, थांबलो नाही. बँजो, मांडवात अख्खी आळी, हातात पेला न घेता उभं राहणं म्हणजे... प्रत्येक जण विचारतो. एकाने सर्वांसमोर विचारलं, "पोटुशी हायस काय रं?" सगळे हसले. मीही.
इरफानचे रोजे सुरू आहेत. दुपारी सावलीत दोघं शेजारी बसतो. तो काहीच खात नाही, मी अळणी भात खातो. म्हणाला, "यार, तुझा डबा बघून मला रोजा सोपा वाटतो."
१४८/९६. सकाळी.

बुधवार, ४ मार्च
होळी झाली. नाचलो नाही, फक्त पाया पडलो.
पाय दुखतात, पण चालणं चुकवलं नाही. खालचं काम अंगाला हलकं, मनाला जड. नवा मुलगा माझ्या जागी इरफानसोबत वर गेला. त्याने हुक न लावता एक पाऊल टाकलं. मी खालून ओरडलो. नंतर संध्याकाळपर्यंत माझंच डोकं ठणकत होतं.
म्हात्रे म्हणाले, "तू काळजी फार करतोस. बीपी त्यानंच चढते."
मग काळजी करू नये याचीही काळजी.

रविवार, १५ मार्च
१३८/८८.
दुसऱ्या हातावर घेतलं. १४०/८८. बाई म्हणाल्या होत्या एका आकड्यावर नाचू नका. नाचलो नाही. पण आईला सांगितलं.
संध्याकाळी बाजारातून परतताना तिचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता. "गोलीशिवाय उतरला हां माज्या पोराचा! नुसतं मीठ तोडलं!" दोन बायका घरी विचारायला आल्या. एकीने नवऱ्याच्या गोळीचं नाव सांगून विचारलं, ही बंद करू का? मी घाईघाईने नाही म्हटलं. डॉक्टरला विचारा म्हटलं. आई म्हणाली, "घाबरट हाय तो."
बाबा खाटेवरून सगळं बघत होते.

रविवार, २२ मार्च
काल ईद. इरफानच्या घरी गेलो. त्याच्या अम्मीने माझ्यासाठी बिर्याणीचा भात वेगळा ठेवला होता, मीठ न घालता. "आपल्या इरफानला तू हवास वर, समजलं?" म्हणाली. मी आणखी भात मागून घेतला.
आज १४६/९४. रात्रपाळीचा आठवडा होता, झोप झाली नाही. असं स्वतःला समजावलं.

शुक्रवार, २७ मार्च
१४४/९४. सकाळी. संध्याकाळी १४६/९२. बाईंची मुदत संपत आली.
म्हात्र्यांनी बाजूला घेतलं. "बाबाची गोली हाय ना घरात? मेडिकलच्या दिवशी पहाटे एक घे. फॉर्मवर नाय लिही. सगले करतात." खांद्यावर हात ठेवून गेले. वाईट माणूस नाही.
घरी आल्यावर बाबांचा औषधांचा डबा उघडला. नुसता बघायला, असं म्हणतो. गोळ्यांची स्ट्रिप काढली.
ती आतापर्यंत संपायला हवी होती. मीच आणली होती. जवळजवळ पूर्ण भरलेली आहे.

त्याच दिवशी
बाबांना विचारलं. त्यांनी आधी स्ट्रिपकडे पाहिलं. मग डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना शब्द सावकाश येतात. "तुला... नको. मंग मला कशाला."
त्यांना मशीन लावलं. १८६/१०८.
आई दारात उभी होती. तिला आकड्यांचं काही कळत नाही. माझा चेहरा कळला. खाली बसली.
बाईंना फोन. म्हणाल्या, नेहमीची एक गोळी आत्ता द्या, राहिलेल्या एकदम द्यायच्या नाहीत. बोलण्यात फरक, तोंड वाकडं, हात-पाय गळणं, काहीही वाटलं तर थेट हॉस्पिटल. उद्या सकाळी दोघंही या.
मी गोळी आणि पाण्याचा पेला धरून उभा. बाबांनी ओठ मिटले. लहान मुलासारखे. आई म्हणाली, "घ्या हो." नाही. मी म्हटलं, बाबा, घ्या ना. नाही.
मग म्हणाले, "आधी तू."
मी म्हटलं, माझी अजून लिहून दिलेली नाही, उद्या देतील. उद्या नक्की घेईन. शपथ.
"कोनाची?"
तुमच्या उजव्या हाताची, असं तोंडून निघालं. का, ते माहीत नाही. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

शनिवार, २८ मार्च
दोघं बाईंकडे. रिक्षात बाबांना धरून बसलो. त्यांची तब्येत तशी ठीक, आकडा थोडा खाली. रोज मोजायचं.
माझ्यासाठी बाईंनी सगळे आकडे वाचले. "तुम्ही पुष्कळ उतरवलंत. हे फुकट गेलं नाही. पण पुरेसं नाही. घरात वडिलांचा इतिहास आहे. छोटा डोस सुरू करू, मीठ आणि चालणं तसंच ठेवायचं."
पासचं विचारलं. म्हणाल्या, नियंत्रणात असेल तर अडचण येऊ नये, पण ठरवणार तुमच्या कंपनीचे डॉक्टर. चिठ्ठी देते. खोटं मात्र लिहू नका, वर चढणारे तुम्ही आहात.
मी चिठ्ठी तीनदा वाचली. तीन वेळा घडी घातली.
संध्याकाळी घेतली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, गिळली की नाही. मग त्यांनी त्यांची घेतली. आई मधे बसून दोघांना पाणी देत होती.

गुरुवार, २ एप्रिल
बाबा १५२/९२. मी १३६/८६.
आता रोज असंच. आधी मी, मग ते. त्यांनी एक दिवसही सूट दिलेली नाही. आज मी चालून आलो आणि विसरलो, तर खाटेवर डाव्या हाताने थाप मारत राहिले.
आईने गल्लीत काय सांगितलं माहीत नाही. ज्या बाईने नवऱ्याच्या गोळीचं विचारलं होतं, तिच्या घरी आई स्वतः गेली होती. परत येऊन म्हणाली, "सांगितलं तिला. बंद नको करू, मीच बोलली." एवढंच. पाठमोरी होऊन मासळी वाळत घालायला गेली.

मंगळवार, ७ एप्रिल
इरफानला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लिहू नकोस ना यार. कोण बघतं?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "नाही. लिही. मला फळीवर तुझ्याबरोबर उभं राहायचंय, अल्लाच्या भरवशावर नको."
म्हात्र्यांनाही सांगितलं. ते "बघ बाबा" म्हणाले आणि फोन आला म्हणून निघून गेले. फोन वाजलेला ऐकला नाही.
झोप: नाही.

गुरुवार, ९ एप्रिल
मेडिकल रूमबाहेरच्या बाकावर लिहितो आहे. माझ्या आधी दोघं.
सकाळी बाबांची आणि माझी गोळी झाली. निघताना आईने डबा दिला आणि वर कागदाची लहानशी पुडी. उघडली तर मीठ. चिमूटभर. म्हणाली, "पास झालास तं भातावर घाल. आजच्या दिस. नाय झालास तं परत आन, सांडू नको."
आत्ता फॉर्म भरला. कोणते औषध सुरू आहे का? 'होय' लिहिलं. गोळीचं नाव बाईंच्या चिठ्ठीवरून बघून, अक्षर न अक्षर. चिठ्ठी जोडली. खिडकीतल्या माणसाने वाचलं, मान वर केली, पुन्हा वाचलं, "बसा" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.
भिंतीमागे प्लांटचा आवाज. वर कोणीतरी क्लॅम्प ठोकत आहे, एका लयीत नाही, नवा मुलगा असणार.
पाठ टेकली. पाय जमिनीवर. पुडी खिशात आहे, मधेमधे हात लावून बघतो.
माझं नाव घेतलं. वही मिटतो.