तुमच्या बहिणीची घागर आणि साहेबांचा नकाशा

कोंढा, आषाढातला सोमवार

आमचे एकुलते एक मेव्हणे मारोतराव यांना कृष्णरावाचा रामराम. सिहोऱ्यास मंडळी खुशाल असावीत. तुमची प्रकृती ठणठणीत असेलच (जरा ढासळली असती तर बरं झालं असतं, पण ते मागाहून).

इकडे पाऊस दडी मारून बसला आहे. रोवणीला आलेले धानाचे परे वाफ्यातच पिवळे पडले, शेतातल्या बांधीला भेगा गेल्या, आणि नहराचं पाणी काही सुटत नाही, कारण सरकारच्या पावसाच्या नकाशात आमच्याकडे अतिवृष्टी चालू आहे! झालं असं की, नकाशावाल्या साहेबांनी (पोरगा भला आहे, फक्त चहात साखर घेत नाही) मोकळं आभाळ बघून पाऊस मोजायचा डबा महादेवाच्या पारावर बसवला. पाऊस यावा म्हणून तुमची बहीण निर्मला रोज त्याच महादेवावर घागर घालते. पारावर नंदी आहे, नाग आहे, कुणी ठेवला ते कुणालाच आठवत नाही असा एक गोटाही आहे. सगळ्यांना पाणी मिळतं. डब्यावरून हटकलं तर म्हणाली, “त्या एकट्यालेच काहून कोरडं ठेवावं जी?” झाकण घातलं, तर झाकण काढून घालते.

आता डबे मोजके आणि गावं पुष्कळ, म्हणून मधल्या गावांचा पाऊस संगणक अंदाजाने भरतो. निर्मलेची घागर अशी पंचक्रोशीवर कोसळली. मी साहेबांना बांधीत नेऊन उभं केलं. भेगेत अडकलेला पाय सोडवत त्यांनी मोबाइलवर निळाशार चौकोन दाखवला. “काका, एक चौकोन इतका मोठा आहे, त्यात तुमचं शेत दिसणारच नाही.” शेत दिसत नाही, घागर मात्र दिसते! घागरीचं सांगितलं, तर म्हणे मॉडेलमध्ये घागर हा घटकच नाही. मारोतराव, मला रडू यायचंच बाकी होतं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, नकाशावाल्यांना काहीच नाही.

तुमचा,
कृष्णराव

ता. क. पत्राचं खरं कारण : बहिणीला फोन करून तब्येत बिघडल्याचं सांगा आणि आठ दिवस माहेरी बोलावून घ्या. डबा कोरडा झाला की नहर सुटेल.

ता. ता. क. फोन करू नका. धीर धरवेना, म्हणून तुमच्या आजाराचं मीच सांगून टाकलं. ती तिकडे न येता तडक पारावर गेली. तुम्ही बरे होईपर्यंत रोज पाच घागरी जास्तीच्या, असा नवस बोलली आहे. हात जोडतो, ताबडतोब बरे व्हा, परे वाळून चालले आहेत.