ढावलो न येणारी नवरी

पुसद, रविवार, दिवेलागण

आत्याचे ते पसरलेले हात काही डोळ्यांपुढून जात नाहीत.

काल माझ्या पिंकीची पाठवणी झाली. आमच्या बंजाऱ्यांत नवरी एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो गाते, गातगातच रडते. फुलसावंगीची माझी म्हातारी आत्या त्यासाठीच हात पसरून उभी राहिली. पिंकी नुसती पाया पडली. घरात आम्ही मराठीच बोलत आलो, तिला ढावलो कुठून येणार? आत्याचे हात तसेच. मग डीजे सुरू झाला.

आज तिचा पुण्याहून फोन आला. "आई, आत्याआजी कायची वाट पाहून राह्यली होती?"

सांगितलं. तर म्हणाली, "मले शिकव ना."

"फोनवर नाही येत बाई. गळ्यात पडावं लागते."

तेव्हापासून घर तरंगल्यासारखं वाटतंय. ओट्यापाशी डोळे मिटून उभी होते, तर माझ्याच पाठवणीचा ढावलो ओठांवर आला, अख्खा. आईला मी याडी म्हणायची. इतकी वर्षं कुठे होता हा शब्द? याडीसाठी गात होते की पिंकीसाठी, कोण जाणे.

संपल्यावर डोळे उघडले. माझेही दोन्ही हात पसरलेले होते.