बेक लेनच्या मैदानाखालचा चर

मी, टोरलेव हाउकोस, वय वर्षे ८१, राहणार नेर्बो, यारेन, नॉर्वे, धंदा शेतांतील पाण्याचे चर खणणे (आता बंद), स्वहस्ते लिहून ठेवतो की माझे डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही की भरीस घातलेले नाही. उलट माझी लेक गुड्रून तीन वर्षे मला अडवते आहे, की बाबा, एवढ्यात कशाला. सबब, तिला न विचारता हे लिहीत आहे.

कलम १. राहते घर, गोठा व उत्तरेकडील शेताचा तुकडा माझ्या पश्चात गुड्रूनला मिळावा. तो तुकडा शेजारी आर्ने याला विकू नये. १९८५ पासून त्याचा डोळा त्यावर आहे. माणूस चांगला आहे, पण त्या तुकड्याखालचे चर माझ्या पहिल्या कमाईतले आहेत.

कलम २. बँकेतील शिल्लक निम्मी गुड्रूनला व निम्मी इंग्लंडातील वेदरलॉ टाउन फुटबॉल क्लबला द्यावी. ही रक्कम मैदानावरच खर्च व्हावी. खेळाडूंवर एक क्रोनरही नाही. गेल्या त्रेचाळीस वर्षांत मी तिथे चांगले खेळाडू मोजून पाच पाहिले आणि पाचही दुसरीकडे गेले.

कलम ३. मेहुणे ओड्वार यांना माझे गमबूट. हे गृहस्थ चाळीस वर्षे कोचावर बसून, इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत संघाला "आम्ही" म्हणत आले आहेत. उंटावरून शेळ्या हाकणे यापेक्षा वेगळे नसते. माझ्या संघाला त्यांनी भर जेवणात "चिखलसंघ" म्हटले, ते मी विसरलेलो नाही. हे बूट घालून त्यांनी एकदा तरी खऱ्या मैदानाच्या कठड्याशी उभे राहावे. माप त्यांचेच आहे, मी मुद्दाम पाहून घेतले.

कलम ४. वेदरलॉच्या बेक लेन मैदानावर चहाच्या टपरीपासून तिसऱ्या खांबाशी माझी जागा आहे. १९७६ साली स्टावांगरहून बोटीने न्यूकॅसलला उतरलो ते तिथला एक मोठा सामना पाहायला. तिकिटे संपली होती, म्हणून मिळेल त्या बसमध्ये बसलो आणि वेदरलॉला पोचलो. माझ्या वडिलांहून जुने लाकडी छप्पर, दोनशेच्या आत माणसे आणि घोट्यापर्यंत चिखल. मध्यंतर झाले तसे सगळे प्रेक्षक चहाचे पेले सांभाळत एका गोलामागून दुसऱ्या गोलामागे चालू लागले, कारण आता आपला संघ तिकडे चढाई करणार. वाटेत समोरून पाहुण्या संघाचे लोक आले. शिव्या झाल्या, मग एकमेकांच्या आजारी बायकांची चौकशी झाली. मला वाटले, हे आपले गाव आहे. त्यानंतर दर वर्षी चार शनिवार मी तिथेच काढले. २००८ ला बोट बंद झाली तेव्हापासून विमानाने गेलो. जागा वारशाने देता येत नाही हे मला ठाऊक आहे. जो आधी येईल त्याने उभे राहावे, मात्र मध्यंतरात चालावे. एकाच जागी ठिय्या देणारा तिथे नको.

कलम ५. त्या कठड्यावर क्लबने माझ्या नावाची पितळी पाटी लावली आहे. तीवर "आमचा डेन्मार्कचा मित्र" असे कोरले आहे. कमिटीला मी अकरा पत्रे लिहिली. दर वेळी आभाराचे उत्तर आले आणि पाटी तशीच राहिली. कलम २ मधील रक्कम पाटीवर नॉर्वे कोरल्यावरच द्यावी. ही अट कडक आहे.

कलम ६. माझे अरुंद पात्याचे फावडे, लोखंडी सळई आणि सोबतचा नकाशा बेक लेनची निगा राखणाऱ्या श्रीमती हेझल रटर यांना द्यावा. उत्तरेच्या गोलाखाली विटांची जुनी मोरी आहे. तिचे तोंड चहाच्या टपरीमागे ओढ्यात उघडते. तिथली जाळी दर ऑक्टोबरात, पाने कुजण्याआधी हाताने साफ करावी. एक वर्ष चुकले तर पाणी तुंबेल, दोन वर्षे चुकली तर मैदान जाईल. हा नकाशा त्यांच्या आधी मैदानाची निगा राखणारे कैलासवासी नॉर्मन टीसडेल यांनी काढून माझ्याकडे जपायला दिला होता. प्रेक्षकांच्या उत्तरेकडील पायऱ्यांना "बेक लेन कोरडे करणारा" म्हणून ज्यांचे नाव दिले आहे, तेच हे टीसडेल.

क्लबला पाठवायची प्रत इथे संपवावी. पुढील कलम फक्त गुड्रूनने वाचावे व वाचून चुलीत घालावे.

कलम ७. गुड्रून, वरच्या कलमाचा शेवट खोटा आहे. नकाशा मी काढला. अक्षर ओळखले असशीलच.

१९९२ चा नोव्हेंबर तू विसरली नाहीस. एरिकचा बाप्तिस्मा रविवारी आणि मी त्याआधीच्या मंगळवारी बोटीत. फोनवर तू एवढेच म्हणालीस, "बाबा, नातवापेक्षा तुम्हाला तो चिखल प्यारा?" त्यानंतर दोन वर्षे तू मला घरी बोलावले नाहीस. बरोबर केलेस. तुझ्या जागी मी असतो तरी तेच केले असते.

नॉर्मनचे पत्र आले होते. पाण्यामुळे सामन्यांमागून सामने रद्द होत होते. आणखी एक रद्द झाला तर कमिटी अकरा मैलांवरच्या प्लास्टिकच्या गवताच्या मैदानावर जाणार होती. नॉर्मनची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर मिळालेले घरही जाणार. बायको अंथरुणाला खिळलेली. पाण्याचे काम त्याला येत नव्हते आणि ते कबूल करायची त्याला लाज वाटे. मी फावडे पोत्यात शिवून नेले. तुझ्या आईने शिवले, पण कशाला ते तिलाही सांगितले नाही. नऊ दिवस, उजाडायच्या सुमारास कमिटी उठण्याआधी, आम्ही खणत होतो. सळई टोचत टोचत मोरी शोधली, खचलेले साठ मीटर उकरून मातीचे नळ घातले. नळाचा उतार मी डोळ्यांनी धरला. यारेनमध्ये असा उतार धरणारे तिघे होते, त्यातला मी एक.

सातव्या दिवशी क्लबचा सेक्रेटरी अवचित आला. मी कमरेपर्यंत चरात. नॉर्मन घाबरून बोलून गेला, "हा डेन्मार्कचा वेडा आहे साहेब, याला चिखलात उतरायची हौस." ती पाटी तिथून आली.

शनिवारी पावसाने सगळ्या परगण्यातले सामने रद्द झाले, आमचा तेवढा खेळला गेला. लोकांनी नॉर्मनला खांद्यावर घेतले. तो रडत होता. नंतर मला टपरीमागे नेऊन म्हणाला, "टोरलेव, माझ्या जन्मात मी एवढीच एक गोष्ट केली असं लोकांना वाटतंय. राहू दे ना." मी शब्द दिला. २००४ साली तो गेला. शब्द कुठे जातो?

दर ऑक्टोबरात जाळी मीच साफ करतो. टपरीमागे मी पाइप ओढायला जातो असा हेझलचा समज आहे. मी तंबाखूला कधी शिवलो नाही. यंदा मात्र जाळी उचलता आली नाही. म्हणून ही लिखापढी.

नॉर्मनचे सगळे मी झाकले. पायऱ्यांवरचे नाव त्याचेच राहू दे. फक्त डेन्मार्क तेवढे माझ्याच्याने झाकवत नाही.

पण कोणा एकाला तरी कळावे की तुझ्या बापाने ते केले. मला त्याचा फार अभिमान आहे, गुड्रून. घरच्या कोणत्याही शेतापेक्षा जास्त. आणि ते एरिकच्या दिवशी केले, याचे दुःखही आहे. दोन्ही तुझ्या नावे करतो.

माझी तुला एकच अट. एकदा मुसळधार पावसाच्या शनिवारी वेदरलॉला जा. आजूबाजूचे सामने रद्द झाल्याचे लोक सांगतील. आपला चालू असेल. एरिकला बरोबर ने. तिसऱ्या खांबाशी उभी राहा आणि गोलासमोरचे गवत बघ. शेजारचा कोणी म्हणेल की हे सगळे टीसडेलचे उपकार. तेव्हा मान डोलव आणि गप्प राहा. मला सत्तावीस वर्षे जमले. तुला एक दुपार जमेल.

नेर्बो, दिनांक २९ ऑक्टोबर २०१९.

सही: टोरलेव हाउकोस

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी, शुद्धीत असताना टोरलेव यांनी सही केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही. त्यावर पुठ्ठा ठेवलेला होता व पुठ्ठ्यावर त्यांचा हात होता.

साक्षीदार: १. आर्ने ओब्रेस्टा, शेतकरी. २. मार्गुन ओब्रेस्टा, निवृत्त परिचारिका.