हार्नेस अगदी बरोबर बसला

९ डिसेंबर, सोमवार
दुर्बिणीचा हार्नेस आला. गळ्यात दुर्बीण लटकवणं आजपासून बंद, त्याने मान दुखते. पट्टे दोन्ही खांद्यांवरून पाठीवर एकत्र येतात आणि दुर्बीण छातीशी राहते. रविवारी केदारखेड्याच्या तळ्यावर आमच्या जालन्याच्या पक्षीमित्र मंडळाची फेरी. तिथेच नवा अध्यक्ष ठरणार. उमेदवार दोघेच, मी आणि वंदना मॅडम. मॅडमची दुर्बीण अजून साध्या नाडीला असते. निकाल स्पष्ट आहे.

१० डिसेंबर
घालायला गेलो तर डोकं हाताच्या जागेत अडकलं. डिझाइनचा दोष. बायकोने, अरुंधतीने, सोडवलं. म्हणाली, आधी पट्टे ढिले करा, अंगात घाला, मग ओढा. मी तेच करणार होतो.

११ डिसेंबर
बनियनवर फिटिंग केलं. एकदम परफेक्ट. स्वेटरवर मात्र श्वास घेता येईना. पट्टे ढिले करणं म्हणजे हार मानणं. उद्यापासून पोट कमी करायचं.

१२ डिसेंबर
ऑफिसात हुरडा आला होता. पोट उद्यापासून.

१३ डिसेंबर
पट्टे ढिले केले. शास्त्रीय कारण आहे, थंडीत इलॅस्टिक आकसतं.

१४ डिसेंबर, शनिवार
घामाने इलॅस्टिक खराब होतं. म्हणून दुर्बीण काढून ठेवली, हार्नेस कोमट पाण्यात हाताने धुतला, सावलीत वाळवला. अरुंधती म्हणाली, उद्या दुर्बीण आठवणीने घ्या. हार्नेस असताना दुर्बीण विसरेलच कशी, असं तिला समजावलं. तिला इक्विपमेंट कळत नाही.

१५ डिसेंबर, पहाटे
निघालो. हार्नेसवर जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. खांद्यावर ओझं म्हणून जाणवत नाही. याला म्हणतात हार्नेस.

तोच दिवस, संध्याकाळी
गावच्या रामरावांनी मलाच प्रमुख समजून शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. मग म्हणाले, साहेब, त्या बाभळीवर काय बसून राह्यलंय ते सांगा बरं. सगळं मंडळ माझ्याकडे वळलं. मी शाल सारली, चेन उघडली. हार्नेस जागच्या जागी होता. दुर्बीण जालन्यात होती.

न डगमगता डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि सांगितलं, गरुडाचं पिल्लू, फार दुर्मिळ, कोणी हलू नका. कोणी हललं नाही. पिल्लूही हललं नाही. वंदना मॅडमनी नाडीवाली दुर्बीण लावली आणि हळूच म्हणाल्या, सर, काळी कॅरीबॅग आहे. रामराव म्हणाले, मंग बराबर, दिवाळीपासून तिथंच हाय, उडत न्हाई म्हणून इचारलं.

१६ डिसेंबर, सोमवार
काल तळ्यावरच निवड झाली. अध्यक्ष वंदना मॅडम, एकमताने. म्हणजे गडबडीत माझाही हात वर गेला. माझ्याकडे चहा-नाश्ता समिती दिली आहे. समितीत मी एकटाच. फार वाईट वाटलं, इथे लिहायला हरकत नाही.

काल घरी आलो तर अरुंधती दुर्बीण ओढणीला बांधून गच्चीवरून राघू बघत होती. खूप दिसले म्हणे.

मान मात्र काल दिवसभर अजिबात दुखली नाही. हार्नेसचा हा फायदा मंडळात एकालाही दिसला नाही.